दगडी रंगाची पाटी

भंगारवाला सोमवारी येणार होता. त्याला बोलावलं सुष्मितानं, पण बोलवायला सांगितलं होतं जनकोजींनीच. अड्यारच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत रंगाचे डबे, लाकडी घोड्या, खडू फासलेले दोरे, तेलात बुडवून ठेवलेले ब्रश असा त्यांचा सगळा संसार पडून होता, आणि सुनेला धुणं वाळत घालायला जागा उरली नव्हती. ती एकदाही कुरकुरली नव्हती. सुष्मिता नाशिकची, जिभेनं फटकळ, पण सासऱ्याच्या ब्रशांचा विषय निघाला की गप्प. ते गप्प बसणंच जनकोजींना सोसेना. त्यांनी एका सकाळी कॉफी पिता पिता सांगून टाकलं, की लिऊ तात्तांची एक पाटी तेवढी करून द्यायची आहे, ती झाली की सगळं उचलून देऊन टाक.

"नक्की ना, अप्पा?" तिनं विचारलं. "नंतर मला बोल लावायचा नाही."

"नक्की. आतां कोणासाठी ठेवायचं?"

हे 'आतां' ते अनुनासिक म्हणायचे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरकडचं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून सुष्मिता म्हणायची, तुमच्याशी बोलताना पागोटं घालून बसावंसं वाटतं. तेही तिला म्हणायचे, की तुझं मराठी रेडिओच्या बातम्यांसारखं आहे, ऐकावं आणि बंद करावं. बायको, सरोजा, गेल्यापासून घरात एवढीच काय ती थट्टा उरली होती.

सरोजा जाऊन वर्ष होत आलं होतं. जनकोजी पाट्या रंगवायचे हे खरं, पण ते अर्धंच खरं होतं. रेघ त्यांची, रंग तिचा. ते अक्षराची कड ओढायचे आणि उठायचे, आणि ती पदर खोचून आत रंग भरायची. कोणत्या दुकानाला कोणता रंग, हेही तीच ठरवायची. लोहाराच्या पाटीला निळा, मिठाईवाल्याला गुलाबी, वकिलाला काळ्यावर सोनेरी. विचारलं तर म्हणायची, दिसतं ते सांगते. अक्षराचं पोट भरल्याशिवाय ती जेवायला बसत नसे आणि त्यांनाही बसू देत नसे. अक्षर उपाशी ठेवून आपण जेवलं तर दुकान चालत नाही, असा तिचा नेम होता. ती गेल्यावर जनकोजींनी दोनदा पाटी मांडून पाहिली. कड ओढून झाली, आणि ती पोकळ अक्षरं त्यांच्याकडे पाहत बसली. त्यांनी घोड्या मिटून ठेवल्या.

तसंही काम उरलं नव्हतं. शहरभर फ्लेक्स आलं होतं. गिंडीच्या कारखान्यांतले धोक्याचे फलकसुद्धा छापून यायला लागले होते. मग लिऊ तात्ता दारात येऊन उभे राहिले.

लिऊ तात्ता चिनी; तात्ता हे तमिळमधलं आजोबा. म्हणजे जन्म इथलाच, तमिळ आपल्यासारखीच फाडफाड, रस्सम-भातावर वाढलेले, पण त्यांचे वडील चीनमधून दात बसवण्याची हत्यारं पेटीत घालून आले होते. सेंट्रल स्टेशनच्या पलीकडच्या एका बोळात अशी चारपाच चिनी घरं होती. बहुतेक दातांचे डॉक्टर, एक जोड्यांचं दुकान, एक खाणावळ. त्या बोळाला लोक 'पल्लु तेरू' म्हणायचे, दातांची गल्ली. लिऊ तात्ता दात काढायचे आणि त्यांची बायको मेइलान कवळ्या बनवायची. सरोजाची कवळी तिनंच केलेली. ती बसवून घेतली त्या दिवशी सरोजानं परतीच्या वाटेवर चकलीसारखा कडक मुरुक्कू विकत घेतला आणि बस येईपर्यंत स्टॉपवर उभं राहून कडाकडा खाल्ला. लोक पाहत होते तर म्हणाली, पाहू देत, पैसे मोजलेत. जाताना ती कवळी तोंडातच राहू द्या, असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, आणि तसंच केलं.

मेइलानही आता नव्हती. ती तीन वर्षांपूर्वी गेली. दवाखाना लिऊ तात्तांची मुलगी रोझी चालवायची, आणि म्हातारा कोपऱ्यात बसून जुन्या पेशंटांशी गप्पा मारायचा.

तात्ता आले त्याचं कारण असं, की एन्नोरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं आणि चीनमधून इंजिनिअर आणि फिटर आले होते. रविवारी ते लोकलनं शहरात यायचे. त्यांना ना तमिळ येत होती ना इंग्रजी. दात दुखला की गाल धरून रस्त्यानं हिंडायचे. पल्लु तेरूला वाटलं, आपल्या पाट्यांवर चिनी अक्षरं लावू या. पण तिथल्या तरुणांना चिनी वाचता येत नव्हतं. लिहिता येणारे एकटे लिऊ तात्ता. त्यांनी लिहून दिलेला कागद घेऊन रोझी फ्लेक्सवाल्याकडे गेली. त्याच्या कॉम्प्युटरनं विचार केला आणि अक्षरांच्या जागी चौकोनी डबे छापून दिले. खाणावळवाल्यानं ते डबे घाईघाईत लावलेही. पुढच्या रविवारी एका फिटरनं आत येऊन बोटांनी हवेत चौकोन काढून दाखवला आणि खांदे उडवले. त्याला वाटलं, इथे पेट्या मिळतात.

"रावजी," लिऊ तात्ता म्हणाले, "मशीनला जमत नाही. तुम्ही या."

जनकोजींनी सांगितलं, की भरणारी गेली. तात्ता म्हणाले, माझी पण गेली, म्हणून काय लोकांचे दात दुखायचे थांबले? जनकोजींना मुरुक्कूची आठवण झाली आणि ते हो म्हणून बसले.

पाटी त्यांनी मन लावून केली. बोळ अरुंद, म्हणून आडवी न करता उभी, दाराशेजारी लावता येईल अशी. जाणाऱ्या-येणाऱ्याची बाही फाटू नये म्हणून पत्र्याचे वरचे दोन्ही कोपरे गोल कापून घेतले. नाक्यावरून बसगाड्या जातात, पांढरी पाटी महिन्यात काळवंडते, म्हणून खालचा रंग दगडी. वर तमिळ, कारण तसा सरकारी नियम. खाली इंग्रजी. आणि मधे लिऊ तात्तांनी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दिलेली दोन नावं, उभी, शेजारी शेजारी: उजवीकडे मेइलानचं, डावीकडे त्यांचं स्वतःचं. दवाखाना दोघांनी मिळून काढला, तेव्हा पाटीवर दोघं पाहिजेत, असा म्हाताऱ्याचा आग्रह होता. जनकोजींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रेघ ही रेघ असते. त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली.

अडलं ते रंगाशी. तात्ता म्हणाले होते, पाटीला शोभेल तो द्या. सरोजा असती तर एका नजरेत सांगितलं असतं. जनकोजी दोन दिवस डब्यांसमोर बसले. शेवटी त्यांनी घरच्या रिवाजाचा आधार घेतला. त्यांच्या घराण्यात लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना हयात माणसांच्या नावांवर कुंकू लावायचे आणि गेलेल्यांची नावं काळी, छापली तशी राहू द्यायचे. मग ठरलं. मेइलान गेलेली, तिचं नाव काळं. तात्ता आहेत, देव करो आणि राहोत, त्यांचं नाव कुंकवासारखं लाल. चिनी लोकांना लाल आवडतो हे खाणावळीतले कंदील पाहून त्यांना माहीत होतंच. पोकळ अक्षरं त्यांनी स्वतः भरली. हात जड झाला होता, मधेच उठावंसं वाटत होतं, पण संपवायचंच म्हणून संपवलं. भरून झाल्यावर ते जेवलेही नाहीत. ही शेवटची, एवढंच मनाशी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी पाटी दाराशेजारी उभी केली आणि तिच्यावर चादर टाकली. रविवारी सकाळी, एन्नोरची मंडळी यायच्या वेळेला, रोझीनं चादर ओढली. जनकोजींनी दृष्ट काढायला लिंबू आणलं होतं. खाणावळवाला, जोड्यांचा दुकानदार, सगळे टाळ्या वाजवायला जमले. पाटी खरोखर देखणी होती. रोझी म्हणाली, रावजी, आमच्या बोळात असं काही नव्हतं. कोणाला चिनी वाचता येत नव्हतं, त्यामुळे सगळे खूश होते. रोझी बाहेर, म्हणून लिऊ तात्ता आत एका म्हातारीचा दात बघत होते.

तेवढ्यात इंजिनिअर मंडळी बोळात शिरली. हसत, शेंगदाणे खात. पुढचा पाटीपाशी आला, थांबला, आणि त्यानं शेंगदाण्यांचा पुडा खिशात घातला. मागचे त्याच्यावर आदळले. मग सगळे समोरच्या भिंतीला लागून ओळीनं उभे राहिले. एकानं टोपी काढली. जनकोजींच्या हातात लिंबू तसंच राहिलं. रेघ चुकली, दुसरं काय? आयुष्यात कधी चुकली नाही ती शेवटच्या पाटीला चुकली.

एकाला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. त्यानं रोझीला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, की म्हातारे डॉक्टर फार आजारी आहेत का, आणि आम्ही फुलं आणावीत का.

रोझीला काही कळेना. ती म्हणाली, छे, ते आत बसलेत. आणि तेवढ्यात लिऊ तात्ता आवाज ऐकून हातातला चिमटा घेऊन बाहेर आले. टोपीवाला इंजिनिअर दचकून दोन पावलं मागे गेला. तात्तांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. जनकोजींना वाटलं, म्हातारा रडतोय. ते पुढे धावले. पण तात्ता हसत होते. इतके हसले की कवळी निसटली, ती त्यांनी हातात घेतली, आणि बिनदाताच्या तोंडानं हसत राहिले. त्यांनी चिनी भाषेत काहीतरी सांगितलं आणि समोरची सगळी ओळ भिंतीला टेकून हसायला लागली. टोपीवाल्याचे शेंगदाणे सांडले.

कवळी बसवून तात्ता म्हणाले, "रावजी, तुम्ही आमची कबर रंगवली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्यात नवराबायकोचा एकच दगड करतात. एक जण गेला की दोघांचीही नावं एकदमच कोरून घेतात. गेलेल्याचं काळं. जो मागे राहिला आहे त्याचं लाल. आणि वरून गोल, दगडी रंगाचा, उभा. हुबेहूब. फक्त तो दगड गावाबाहेर असतो आणि त्याखाली 'दात काढून मिळतील' असं लिहिलेलं नसतं.

रोझीनं कपाळाला हात लावला. खाणावळवाला म्हणाला, माझ्या डब्यांपेक्षा हे बरं की वाईट, ते ठरवा आता. जनकोजी मात्र खाली बसले. त्यांनी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. आमच्यात जिवंत माणसाला कुंकू लावतात, म्हणून लावलं. पाटी मी घेऊन जातो आणि पुसून टाकतो. रंगाचं ती बघायची, मला त्यातलं कळत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं.

लिऊ तात्तांनी चिमटा रोझीच्या हातात दिला. "लाल रंगाचा डबा आहे का पिशवीत?" त्यांनी विचारलं. डबा होता. "मग चला. तुम्हाला खरी पाटी दाखवतो."

रिक्षानं ते दोघे कबरस्तानात गेले. पाटी मागे दोरीनं बांधली होती, तिला पाहून वाटेत एका सिग्नलला एक मोटारसायकलवाला हात जोडून पुढे गेला. तात्तांना पुन्हा हसू आवरेना.

कबरस्तानाच्या एका कोपऱ्यात कडुनिंबाखाली चिनी दगड होते. मेइलानचा दगड बघून जनकोजी जागीच उभे राहिले. गोल माथा, उभी दोन नावं. त्यांचीच पाटी, दगडाची. फक्त काळं नाव ठळक होतं आणि शेजारचं लाल नाव उन्हानं उडून फिकं गुलाबी झालं होतं, काही रेघा तर गेल्याच होत्या.

"रोझी हात लावू देत नाही," तात्ता म्हणाले. "म्हणते अशुभ. मी म्हणतो, अगं, लाल म्हणजे काय? लाल म्हणजे हा माणूस अजून बाहेर आहे, उशिरा येईल, दार लावू नका. ते पुसट झालं तर मेइलानला वाटेल मी निघालो. ती तिकडे भात टाकून बसेल." त्यांनी दगडावरचं वाळलेलं पान उचललं. "घाई नाही मला. रविवारचे पेशंट तर आत्ताच यायला लागलेत. ठळक करून द्या."

जनकोजी मांडी घालून बसले. झाकण उघडलं, ब्रश फडक्यानं पुसला. इथे कड ओढायची नव्हती. कड दगडात आधीच कोरलेली होती. फक्त भरायचं होतं. आयुष्यभर जे काम सरोजानं केलं तेवढंच काम समोर होतं, त्यांच्या वाट्याचं काहीच नव्हतं. त्यांनी ब्रश टेकवला. ती कशी भरायची ते त्यांना आठवलं, कडेकडून आत, मधला भाग शेवटी, आणि भरताना ती कायम काहीतरी बोलत असायची, शेजारणीचं, डाळीचं, सिनेमाचं. जनकोजीही बोलायला लागले. ते सरोजाशी बोलत होते की तात्तांशी, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सुनेच्या रेडिओ-मराठीबद्दल बोलले, फ्लेक्सच्या डब्यांबद्दल बोलले. सरोजाच्या मुरुक्कूची गोष्ट सांगितली. तात्तांनी ती मेइलानला चिनीत सांगितली, दगडाकडे तोंड करून. हात हलका झाला होता. लाल अक्षर एकेक करून वर आलं, ओलं, झळझळीत.

"माझं नाव कुठेच लाल नाही," जनकोजी मधेच म्हणाले. "आमच्यात जाळतात. दगड नसतो."

"पाटी असते की," तात्ता म्हणाले. "अर्ध्या शहरात तुम्ही रंगवलेल्या आहेत. सगळ्या फ्लेक्सवाल्यांनी थोड्याच उतरवल्यात? तिनं भरलंय, तुम्ही ओढलंय. दोघं आहात त्यात. तुम्ही अजून बाहेर आहात, रावजी. घरी जाऊन बसू नका."

नाव भरून झाल्यावर जनकोजींना सपाटून भूक लागली. नाक्यावरच्या हॉटेलात दोघांनी जेवण घेतलं आणि दोनदा भात मागितला.

सोमवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा गॅलरीत चालायला जागा नव्हती. घोड्या उघडलेल्या, त्यांवर पाटी, तिच्यावर दगडी रंगाच्या जागी आता गडद निळा, आणि दोन्ही नावं सारखीच पिवळी व्हायला घेतलेली. कुंकू नाही तर हळद, असं जनकोजींनी ठरवलं होतं, आणि ठरवताना त्यांना डब्यांसमोर बसावं लागलं नव्हतं. दिसलं ते घेतलं. खाणावळवाल्यानं सकाळीच फोन करून आपल्या पाटीवरचे ते चौकोनी डबे काढून टाकायला सांगितलं होतं. जोड्यांच्या दुकानदारालाही पाटी हवी होती, फक्त कोपरे चौकोनी ठेवा, असं तो तीनतीनदा बजावत होता.

सुष्मितानं दारातून भंगारवाल्याकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं. "अप्पा, याला काय देऊ?"

"तो कूलर दे. दोन उन्हाळे बंद आहे."

"आणि माझं धुणं?"

"गच्चीवर. दोरी मी बांधून देतो. खडूचा दोरा नको, साधा बांधतो."

कूलर गेला. दुपार झाली. सुष्मितानं पानं घेतली म्हणून हाक मारली, मग परत मारली, मग स्वतःच पदराला हात पुसत आली. जनकोजी मान वर न करता म्हणाले, की अजून दोन अक्षरं उपाशी आहेत, ती जेवल्यावर.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून खाली बसली. "मी एक भरू? बिघडलं तर?"

त्यांनी तिच्या हातात बारीक ब्रश दिला. पिवळ्याचा डबा तिच्याकडे सरकवला. "कडेकडून आत. मधलं शेवटी."

तिनं जीभ दातांत धरून पहिली रेघ भरली आणि ती लगेच निळ्यावर सांडली. तिनं घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. "सासूबाईंचं पहिल्या दिवशी असं झालं होतं का हो?"

"छे," जनकोजी म्हणाले, आणि फडक्याला टर्पेंटाइन लावलं. "पहिल्या दिवशी तिनं अक्षर सोडून माझा शर्ट भरला होता. तू बरीच पुढे आहेस. बोलत राहा, म्हणजे हात हलतो."